आगोट : पावसाच्या कंटाळ्याचा इतिहास

१/ थंड प्रदेशांतील माणसांना हिवाळ्याचा कंटाळा येतो आणि तो ते मोकळेपणाने बोलून दाखवतात. दारापुढचा बर्फ उपसणे, लाकूड फोडून रचणे, मांस खारवणे, जनावरांसाठी वाळले गवत साठवणे, या कामांना तिकडच्या कित्येक पिढ्या विटल्या. कोकणात बर्फ पडत नाही. परंतु वाटा बंद करणारा, माणसाला घरात कोंडणारा आणि येण्याआधी दोन-तीन महिने कामाला जुंपणारा ऋतू आपल्याकडेही आहे. तो म्हणजे पावसाळा. आजचा थ्रेड या ऋतूच्या कामांविषयी आणि त्यांच्या कंटाळ्याविषयी. भूमी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर.

२/ हेच दोन तालुके का? सह्याद्रीची भिंत येथे थेट माथ्यावर उभी आहे. समुद्रावरून आलेले ढग तिला अडतात आणि पायथ्याशी रिते होतात. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास कर्जतवरून वाहते, तर पाताळगंगा खालापुरातून. या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लंडनचा वर्षभराचा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पुढचे सगळे उलगडते.

३/ कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आणि त्याआधी करायच्या बेगमीला ‘आगोट’ म्हणतात. भात भरडून ठेवायचे. वाल वाळवून भरायचे. मिरची कुटायची, मीठ कोरड्या जागी ठेवायचे, सुके बोंबील आणि सुकट आणायची. सरपण आणि गोवऱ्या आडोशाला रचायच्या. पेंढ्याची उडवी नीट बांधायची. जूनमध्ये ओढ्यांना पाणी आले की बाजाराची वाट तुटे. जे घरात असेल तेच चार महिने पुरवायचे, हा साधा हिशेब होता.

४/ सर्वांत जिकिरीचे काम घर शाकारण्याचे. नळीची कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असत. माकडे, मांजरे आणि वारा त्यांना वर्षभर हलवत. म्हणून दर उन्हाळ्यात सगळे छप्पर उतरवायचे, फुटकी कौले बाजूला काढायची, कुजलेले वासे बदलायचे आणि सगळे पुन्हा रचायचे. ज्यांना कौलही परवडत नसे ते गवताने किंवा पेंढ्याने शाकारत. ठाकर आणि कातकरी वाड्यांत कारवीच्या काठ्यांचा कूड असे. त्याला शेणामातीचा गिलावा दरवर्षी नव्याने द्यावा लागे.

५/ या कामांचा खरा वीट ‘दरवर्षी’ या शब्दात आहे. गेल्या वर्षी शाकारलेले छप्पर यंदा उपयोगी नाही. गेल्या वर्षीचा गिलावा धुऊन गेला आहे. इरले कुजले आहे. बांध फुटला आहे. पाऊस श्रमाचे फळ चार महिन्यांत खाऊन टाकतो आणि माणूस पुन्हा तेथूनच आरंभ करतो. दळण, कांडण, सारवण, सरपण आणि भिजल्या चुलीचा धूर यांतला मोठा वाटा स्त्रियांचा होता. इतिहासाच्या साधनांत मात्र या श्रमांना चार ओळीही क्वचितच मिळतात.

६/ मग शासन, धर्म, सैन्य आणि भांडवल यांनी या ऋतूचे काय केले? प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. सर्वांत जुने उत्तर कर्जत तालुक्यातील कोंढाणे लेण्यांत दिसते. ती राजमाचीच्या पायथ्याशी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली आहेत. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता. ओली हिरवळ आणि बारीक जीव पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती, हे त्यामागचे कारण विनयग्रंथ सांगतात. ‘थांबणे’ हे पहिले उत्तर.

७/ कातळात कोरलेल्या विहाराचे छप्पर शाकारावे लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पण थांबलेल्या भिक्षूला अन्न लागते, आणि ते पायथ्याच्या गावातून येते. म्हणजे एकाने थांबायचे, तर दुसऱ्याच्या कणगीत त्याच्यापुरते जास्तीचे धान्य असायला हवे. हा धागा धरून ठेवा. पुढे तो वारंवार भेटणार आहे.

८/ दुसरे उत्तर सैन्याचे. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, हा मराठी लष्करी वर्षाचा क्रम. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगली फौजेला कोंडून शरण आणले. खान घाट उतरून कोकणात येत होता. फेब्रुवारीत ही वाट अरुंद आणि रानाची असली तरी चालता येण्याजोगी होती. आषाढात एवढी फौज, तोफा आणि सामान घेऊन या घाटात उतरण्याचे धाडस कोणी करत नसे. लढाईची तारीख वाचताना ऋतूही वाचावा, तो असा.

९/ छावणीत बसलेली फौज काय खाते? येथे थोडे दक्षिणेला, चिपळूणकडे जावे लागेल, कारण या प्रश्नाचे अव्वल साधन तेथले आहे. तेथील लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासंबंधीच्या आज्ञेमुळे ते सर्वांना ठाऊक असते. पण पत्राचा मूळ विषय पावसाळ्याची बेगमी हाच आहे.

१०/ पत्राचा आशय असा : पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनाला येईल तसे उधळले, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. लोक परागंदा होतील आणि मोगल बरे म्हणतील. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताची गंज जळेल, इतका बारीक विचार त्यात आहे.

११/ या यादीकडे पुन्हा पाहा. दाणे, गवत, सरपण, भाजी. ही एखाद्या शेतकरी घराची आगोटच आहे. सैन्याची बेगमी संपली की तिचा भार कोणावर पडतो, हे पत्र लिहिणाऱ्याला नेमके ठाऊक होते. घराघरांतील साठवण हा राज्याच्या स्थैर्याचा प्रश्न आहे, एवढी जाण सतराव्या शतकातील या पत्रात आढळते.

१२/ आता शेताकडे. पाऊस येण्याआधीचे आणखी एक मोठे काम म्हणजे राब. रोपांच्या वाफ्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते भाजायचे. राखेने जमीन सकस होते, तणाचे बी जळते. पहिल्या पावसावर भात पेरायचे आणि तीन-चार आठवड्यांनी, पाठीवर इरले घेऊन, वाकून लावणी करायची. टहाळ डोक्यावरून वाहून आणणे हे अर्थातच रानातले काम होते.

१३/ १८७८ च्या वन कायद्यानंतर ते रान सरकारचे झाले. टहाळ तोडणे हा पिढीजात हक्क की सरकारने दिलेली सवलत, असा वाद उभा राहिला. कर्जत त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्यात राबाची चर्चा विस्ताराने आहे. एका कंटाळवाण्या कामाची नोंद सरकारदरबारी झाली, ती त्यावर बंधन आल्यानंतर.

१४/ तिसरे उत्तर भांडवलाचे : पावसाला न जुमानता पुढे जाणे. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ आणि २५ बोगदे. पहिल्या कंत्राटदाराने १८५९ मध्ये काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६१ मध्ये या घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते.

१५/ पण पावसाने येथेही आपली अट सोडली नाही. उघड्यावरचे बांधकाम मुख्यतः कोरड्या आठ महिन्यांतच होई. पाऊस आला की पुष्कळ मजूर शेतीसाठी आपापल्या गावी परतत. म्हणजे घाट फोडणाऱ्या हातांनाच घर शाकारायचे होते आणि भात लावायचे होते. मे १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. पाचव्या पावसाळ्यात, जुलै १८६७ मध्ये, त्यातील एक मोठा कमानीचा पूल कोसळला. घाटातील दरडींवर पहारा ठेवण्याचे काम आजही दर पावसाळ्यात करावे लागते.

१६/ चौथे उत्तर सधनांचे : निघून जाणे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला चढला आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. माथेरान कर्जत तालुक्यात आहे. मुंबईकर साहेब आणि शेठ उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर येत. पावसाची चिन्हे दिसली की बंगले बंद होत. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. नेरळहून वर जाणारी ही गाडी आजही पावसाळ्यात बंद ठेवतात. कंटाळा आला की कुलूप लावता येणे ही चैन होती.

१७/ पाचवे उत्तर उद्योगाचे : पाऊस साठवून विकणे. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पावसाचे पाणी अडवले आणि सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीत आणून वीज केली. १९१५ मध्ये ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथेही असेच केंद्र उभे राहिले. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, ही आगोटीचीच कल्पना. फक्त तिचे प्रमाण प्रचंड होते आणि साठा दुसऱ्याच्या घरचा होता.

१८/ कारण याच तालुक्यांतील अनेक आदिवासी वाड्यांत एप्रिल-मेमध्ये स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. पाऊस त्यांच्यावर सर्वांत जास्त कोसळतो आणि साठवण त्यांच्याकडे सर्वांत कमी असते. पावसाळ्याचा इतिहास लिहायचा तर मिलिमीटरांइतकीच कणगी, माळा आणि टाकी यांची मोजदाद करायला हवी.

१९/ दरम्यान कामे हळूहळू हलकी झाली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारे ते मंगळुरी कौल कोकणभर पसरले, तसे शाकारणीचे ओझे घटले. पुढे पत्रा, गिरणी, रेशन, गॅस, प्लॅस्टिकचा कागद आला. ही सुटका सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी आली नाही. रस्त्यालगतच्या घराला ती आधी मिळाली, डोंगरावरच्या वाडीला सर्वांत शेवटी.

२०/ १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना चिखलातून डोंगर चढत जावे लागले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ठाकर समाजाची ही वाडी. भिक्षूंसारखे कातळाचे छत नाही, साहेबांसारखे खाली उतरायला दुसरे घर नाही. जुलैचा महिना, म्हणजे लावणीचे दिवस.

२१/ आज शनिवार-रविवारी कर्जतचे धबधबे गर्दीने फुलतात. पावसावर प्रेम करण्यात गैर काही नाही. पण ज्याला पावसाचा कंटाळा येतो तो अरसिक असतो, हा समज सोडून द्यावा. तो कंटाळा हजारो वर्षांच्या श्रमांतून आला आहे. पावसाळ्यात कोण थांबू शकले, कोण निघून गेले आणि मागे राहून छप्पर कोणी धरले, याची साक्ष त्यात मिळते.

२२/ शेवटी एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : पावसाआधी कोणकोणती कामे असत, ती कोण करी आणि त्यांतले सर्वांत नकोसे काम कोणते? उत्तर लिहून ठेवा, गावाचे नाव आणि अंदाजे साल घालून. गॅझेटियरमध्ये पावसाचे इंच सापडतात. पहाटे ओल्या सरपणावर चूल पेटवणारीचे म्हणणे तेथे सापडत नाही. ते सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे. जमल्यास या थ्रेडखाली नोंदवा, म्हणजे ते एका ठिकाणी राहील.