हेलिकोप्रिऑन : दातांच्या चक्राचे कोडे

हेलिकोप्रिऑन ही पर्मियन कालखंडातील, सुमारे २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात वावरणाऱ्या माशांची नामशेष प्रजाती होय. मुशीप्रमाणे या माशाचा सांगाडा कूर्चेचा होता. कूर्चा लवकर कुजते. खडकात टिकून राहतात ते दात. हेलिकोप्रिऑनचे दात तर एकाच सलग मुळावर, चकलीच्या वेढ्यांसारखे गुंडाळलेले सापडतात : लहान दात आत, मोठे बाहेर.

उरल पर्वताच्या परिसरात मिळालेल्या अशा चक्रांवरून रशियन भूवैज्ञानिक अलेक्सांद्र कारपिन्स्की यांनी १८९९ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले. ग्रीक भाषेतील ‘सर्पिल’ आणि ‘करवत’ या अर्थांचे शब्द जोडून तिला नाव मिळाले. हे चक्र शरीरात नेमके कोठे होते, हा प्रश्न मात्र पुढे दीर्घकाळ रेंगाळला. कारपिन्स्की यांनी ते वरच्या जबड्याला जोडून नाकावर वळवले. इतरांनी ते पाठीच्या परावर नेले, कोणी शेपटीवरही बसवले. उरलेला मासाच हाती नसल्याने यांतील एकही तर्क तेव्हा सहजासहजी खोडता येत नव्हता.

निर्णायक ठरला तो अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९५० मध्ये मिळालेला नमुना. त्याचे चक्र जेमतेम २३ सेंटिमीटर व्यासाचे. पण त्याभोवती जबड्याची कूर्चा शिल्लक होती. डॅनिश पुराजीवशास्त्रज्ञ बेंडिक्स-आल्मग्रेन यांनी १९६६ मध्ये त्यावरून चक्राला खालच्या जबड्याच्या मध्यभागी जागा दिली. २०१३ मध्ये लीफ टापानिला व सहकाऱ्यांनी याच दगडाचे सीटी स्कॅन केले, तेव्हा त्या निष्कर्षाला भक्कम पुष्टी मिळाली. या चक्राने खालच्या जबड्याची सारी लांबी व्यापली होती. हा मासा खऱ्या मुशींपेक्षा आजच्या किमेरा माशांना जवळचा, हेही त्यातून दिसले.

मुशीचे जुने दात गळून पडतात. हेलिकोप्रिऑनचे गळत नसत. मागे उगवणारा नवा, मोठा दात जुन्यांना पुढे ढकलत चक्राच्या आत गुंडाळून टाकी. वरच्या जबड्यात समोर टक्कर देणारे असे दात नव्हते. तोंड मिटताना चक्राचे दात मागे वळत आणि भक्ष्य कापत घशाकडे ओढत. दातांवर झिजेच्या खुणा फारशा नाहीत. त्यावरून माकूळसदृश मऊ अंगाचे प्राणी हेच त्याचे खाद्य असावे, असे मानले जाते.

संपूर्ण शरीराचा जीवाश्म अद्याप मिळालेला नाही. त्यामुळे संग्रहालयांतील चित्रांत दिसणारे त्याचे पर आणि शेपूट हे जवळच्या नातलग माशांवरून बांधलेले अंदाज आहेत.