आपल्याच हातानं बुडवलेलं आरमार

आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. शनिवारवाडा आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. वाड्याच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठ्या झालो. आजची गोष्ट मात्र सांगताना आमची मान थोडी खाली जाते.

शिवाजी महाराजांनी आरमार उभं केलं. कान्होजी आंग्रे यांनी ते वाढवलं. इंग्रज, पोर्तुगीज, सगळे त्यांना वचकून असत. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि भाऊबंदकी सुरू झाली. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी विजयदुर्गावरून कारभार पाहू लागले. त्यांचं आणि नानासाहेब पेशव्यांचं पटेना. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हेही खरंच. पण पेशव्यांनी उपाय काय केला? १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून पेशव्यांची फौज आणि समुद्रातून इंग्रजांची जहाजं, असं ठरलं.

१२ फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांचा एक तोफगोळा एका जहाजावर पडला. ते जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं होतं. त्यानं पेट घेतला, आग शेजारच्या जहाजाला लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्लाही त्यांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबरमध्ये नवा तह झाला, तेव्हा कुठे तो पेशव्यांकडे आला, आणि बाणकोट इंग्रजांकडेच राहिलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले.

मग त्या जहाजांचं पुढे काय झालं? स्वीडनचं ‘वासा’ नावाचं लढाऊ जहाज १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत बुडालं. १९६१ मध्ये ते जवळजवळ अख्खं वर काढलं. तिकडचं पाणी थंड आणि कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रात हा किडा उघडं पडलेलं लाकूड खाऊन टाकतो. गाळाखाली दबलेलं तेवढं वाचतं. म्हणून इथे शोध घ्यायचा तो तोफा, नांगर आणि खापरांचा. आमच्या तांबट आळीत विचारा, लोखंड गंजून फुगतं, पण तांबं-पितळ हिरवं पडूनही टिकतं.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हेच काम करते. गोव्याजवळ सुंची नावाच्या खडकाळ भागात त्यांच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. विजयदुर्गाजवळ याच संस्थेनं पाण्याखालची सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंत तपासली. शत्रूची जहाजं हिच्यावर आदळून फुटत, असं तिथले लोक सांगतात.

हे काम धीराचं असतं. वस्तू दिसली की लगेच उचलायची नाही. आधी जागेवर माप घ्यायचं, चित्र काढायचं, फोटो काढायचा. वर काढलेलं लोखंड तसंच वाळू दिलं, तर आतल्या मिठानं त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून ते कितीतरी महिने पाण्यात ठेवून मीठ काढावं लागतं.

किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनो, तुमच्या माणसांच्या जाळ्यात जुनं भांडं, नाणं, लोखंडाचा तुकडा आला, तर तो भंगारात घालू नका. कुठे सापडला ते लिहून ठेवा आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. जागा कळली नाही, तर त्या वस्तूची निम्मी गोष्ट हरवते.

आणि आपल्या सगळ्यांसाठी एक. गटात भांडणं होतात. आमच्याही गटात झाली आहेत. एकीनं हिशोब दाखवला नाही, दुसरीनं बोलणं सोडलं. अशा वेळी मिटवायला बाहेरचा माणूस आणावासा वाटतो. तो येतो, पण आपला वाटा घेऊनच जातो. तुळाजींना समज देणं गरजेचं असेलही. पण त्या भांडणात आरमार जळालं, ते एकट्या तुळाजींचं नव्हतं. ते आपल्या सगळ्यांचं होतं.