जोखमी हुंडी : विम्याचे एक विस्मृत रूप

हिंदुस्थानातील विम्याचा इतिहास 1818 साली कलकत्त्यास निघालेल्या ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनीपासून सांगण्याचा प्रघात आहे. कंपन्यांचा इतिहास म्हणून तो ठीकच होय. परंतु व्यवहार कंपन्यांहून पुष्कळ जुना आहे. सुजानराय भंडारी याच्या 1695 च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘खुलासत-उत्-तवारीख’ या फारसी ग्रंथात, सराफ मोबदला घेऊन मालाच्या वाहतुकीची हमी पत्करीत, असा उल्लेख आहे. ‘विमा’ हा शब्दही फारसीतूनच आला. ‘बीम’ म्हणजे भय.

पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापारात मात्र या व्यवहाराने एक विलक्षण रूप धारण केले. ते म्हणजे जोखमी हुंडी. काठेवाडच्या एखाद्या बंदरातून मुंबईस कापूस पाठविणारा व्यापारी, गलबतात माल भरल्यावर, तो ज्या पेढीकडे जावयाचा तिच्यावर हुंडी लिही. बंदरातील सराफ ती दर्शनी रकमेहून कमी किमतीस विकत घेई. गलबत सुखरूप पोहोचले तर मुंबईची पेढी सराफाच्या आडत्यास पूर्ण रक्कम चुकती करी. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. व्यापाऱ्याकडे परत मागणी करण्याचा हक्क सराफास नसे. सराफाने जी रक्कम कमी दिली तिच्यात व्याज, हुंडणावळ आणि समुद्राच्या भयाचे मोल ही तिन्ही एकवटलेली असत. ती एकमेकांपासून वेगळी काढणे आज कठीण आहे, आणि त्या काळी तसे करण्याचे कोणास कारणही नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आजच्या विम्यात हप्ता आधी भरावा लागतो व भरपाई हानीनंतर मिळते. जोखमी हुंडीत हा क्रम नेमका उलटा होता. व्यापाऱ्याच्या हाती रक्कम आधीच पडलेली असे. हानी झालीच तर ती परत करावी लागत नसे, इतकेच. म्हणून भरपाईसाठी खेटे घालण्याचा प्रसंग विमा उतरविणाऱ्यावर येत नसे. कर्जाच्या पोटात विमा दडविण्याची ही रीत केवळ इकडचीच नव्हे. कौटिल्याने समुद्रावर जाणाऱ्यांसाठी दरमहा शेकडा 20 व्याज सांगितले आहे, ते भयाचे मोल धरूनच. आणि उपलब्ध विमापत्रांतील अतिप्राचीन मानले जाणारे जिनोआचे 1347 चे पत्रही कर्जरोख्याच्याच वेषात आहे.

मग ही पैज नव्हे काय? लंडनमध्ये अठराव्या शतकात शव्हालिए देओं हा फ्रेंच मुत्सद्दी स्त्री की पुरुष यावरही विमापत्रे निघाली होती. 1778 साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या न्यायालयाने तसला दावा अग्राह्य ठरविला. जोखमी हुंडीस हा आक्षेप लागू पडत नाही. तिच्यामागे गलबतात भरलेला खरा माल असे.

‘जोखीम’ या शब्दाचे मूळ काही कोशकार ‘योगक्षेम’ या संस्कृत शब्दात पाहतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात व्यापाऱ्यांवरील कर ठरविताना हाच शब्द येतो. ही व्युत्पत्ती मान्य केल्यास मिळविलेल्याचे रक्षण या अर्थापासून संकटापर्यंतचा प्रवास शब्दाने केला असे म्हणावे लागेल. मराठीत ‘जवळ जोखीम आहे’ म्हणताना मौल्यवान वस्तू हा अर्थ अजून जिवंत आहे, हे या मताला अनुकूलच होय.

इंग्रजी कायद्यास मात्र हे पत्र अवघड गेले. 1881 च्या पराक्राम्य पत्रांच्या कायद्यानुसार विनिमयपत्र बिनशर्त असावे लागते, आणि जोखमी हुंडी तर मुळातच सशर्त. देशी भाषांतील पत्रांविषयीचे स्थानिक रिवाज त्याच कायद्याने अबाधित ठेवले, म्हणून तिचा निवाडा रिवाजाच्या आधारे करण्यास वाव राहिला. पुढे आगबोटी आल्या. पैसे उभे करणे बँकेकडे व जोखीम विमा कंपनीकडे गेली, आणि पूर्वी सराफ ज्या एका कागदावर दोन्ही कामे उरकी, तेथे दोन वेगळे कागद आले.