बनफ्शा: जोशांद्यातलं जांभळं फूल

थंडीत खोकला सुरू झाला की आपल्या अनेक घरांत जोशांदा उकळतो. जोशांदा म्हणजे युनानी काढा. पुडीत उन्नाबची बोरं आणि ज्येष्ठमध यांच्यासोबत काही चुरगळलेली जांभळट फुलं असतात. ती गुले बनफ्शा.

हे फूल येतं काश्मीर-हिमाचलच्या पहाडातून. ओलसर सावलीत जमिनीलगत हृदयाच्या आकाराची पानं फुटतात आणि थंडी ओसरताना त्यांच्यातून सुगंधी फुलं मान खाली घालून उभी राहतात. रोपाचे धावरे मातीला टेकतील तिथे मूळ धरतात. पुढे न उमलणाऱ्या कळ्याही येतात. त्यांच्यात बी धरतं आणि ते मुंग्या वाहून नेतात. म्हणून फुलं खुडली तरी रोप टिकतं, मुळासकट उपटलं तर मात्र जागा ओस पडते. ताजी फुलं आणि कोवळी पानं खाता येतात. मुळं आणि बिया खाऊ नयेत, त्यांनी उलट्या होतात.

ग्रीक वैद्यांना हे फूल ठाऊक होतं. फारसी 'बनफ्शा'चं अरबीत 'बनफ्सज' झालं. इब्न सीना (980–1037) यांनी 'अल-कानून'मध्ये त्याची नोंद केली. हकिमांच्या लेखी त्याचा मिजाज थंड आणि तर, म्हणून ते ताप, कोरडा खोकला आणि घशाच्या जळजळीवर दिलं जाई. फुलं गरम पाण्यात भिजवून, गाळून, साखरेत शिजवली की शरबते बनफ्शा तयार होतं. बदाम किंवा तिळात फुलांचा वास मुरवून ते घाण्यात पिळले की रोगने बनफ्शा मिळतं.

बाराव्या शतकात तोलेदो शहरात 'अल-कानून' लॅटिनमध्ये उतरला. अरबी औषधशास्त्रासोबत शरबतंही युरोपात गेली. आज आपण खोकल्याचं 'सिरप' म्हणतो, तो शब्द मूळ अरबी 'शराब', म्हणजे पेय, यावरून आला. 'शरबत'ही त्याच धातूचं. या शरबतानं विज्ञानालाही हात दिला. 1664 मध्ये रॉबर्ट बॉइलनं दाखवलं, की बनफ्शाच्या शरबतात आम्ल टाकलं तर ते लाल होतं आणि अल्कली टाकली तर हिरवं. शाळेतल्या लिटमस कागदाचं काम तेव्हा या शरबतानं केलं.

युनानी म्हणजे 'त्यांचं', 'बाहेरचं', असं हल्ली सहज बोललं जातं. 'युनानी'चा अर्थच ग्रीक. म्हणजे ते बाहेरून आलं, हे त्याच्या नावातच कबूल आहे. पण शरबतातली साखर? अरबी 'सुक्कर' आणि फारसी 'शकर' यांचं मूळ संस्कृत 'शर्करा'. ग्रीकांचं ज्ञान, इराणी नाव, अरबी कृती, हिंदुस्थानी गोडवा आणि काश्मीरचं फूल, हे सगळं एकाच चमच्यात येतं. त्यातलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं, हे वेगळं काढून दाखवणं कुणाही हकिमाला जमणार नाही.