पाणी, पातक आणि पावित्र्य

वाचकहो, पुण्याकडचा रस्ता नाशकात मुंबई-आग्रा रस्त्याला जिथे मिळतो, तो द्वारका चौक. बाहेरगावचा यात्रेकरू इथे उतरला की त्याचा प्रश्न ठरलेला : "रामकुंड कुठल्या बाजूला हो?" पाण्यात एक बुडी मारायला माणूस इतक्या लांबून का येतो? याचे उत्तर शोधताना जरा जपानपर्यंत जाऊन येऊ.

त्र्यंबकची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. शेतात शिरलेल्या गाईला गौतम ऋषींनी दर्भाच्या काडीने हाकलले, गाय मेली आणि गोहत्येचे पातक त्यांच्या माथी आले. ते फिटावे म्हणून त्यांनी शंकराची आराधना केली, आणि ब्रह्मगिरीवर गोदावरी उतरली.

आता जपानची कथा ऐका. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथात ती आहे. इझानागी हा देव मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेला. तिचे कुजलेले शरीर पाहून तो पळत सुटला, आणि तिथला विटाळ धुवायला पाण्यात उतरला. डावा डोळा धुतला तेव्हा आमातेरासू ही सूर्यदेवी जन्मली, उजवा धुतला तेव्हा चंद्रदेव, आणि नाक धुतले तेव्हा सुसानोओ हा तापट देव.

जपानच्या या जुन्या धर्माला शिंतो म्हणतात. त्यातले देव म्हणजे 'कामी'. आपल्याकडे देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायला माणूस भितो ना? तसेच तिथे डोंगर, धबधबा, जुना वृक्ष यांतही कामी मानतात. देवळाशी पाण्याचे कुंड असते. हात धुवायचे, चूळ भरायची, मग देवापुढे दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचे. इसे येथील सूर्यदेवीचे मंदिर तर दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नवे बांधतात. २०१३ साली ते असेच बांधले गेले. आपला सिंहस्थ १२ वर्षांनी येतो, तसाच हाही पिढ्यांना जोडणारा सोहळा.

पण मंडळी, या पावित्र्याला दुसरीही बाजू आहे. जपानात कातडी कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे लोक अपवित्र ठरले. शिंतोतल्या विटाळाला बौद्धांच्या हिंसानिषेधाची जोड मिळाली, आणि त्यांची वस्ती वेगळी पडली. १८७१ साली सरकारने हुकूम काढून हा भेद रद्द केला. तिरस्कार मात्र उरला. म्हणून १९२२ साली क्योटोत त्यांनी समतेसाठी स्वतःची संघटना उभारली.

आणि इथे? २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. तरी दार उघडले नाही. १९३५ साली याच जिल्ह्यात, येवल्याला, डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. अस्पृश्यता कायद्याने गेली ती राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने.

शिक्षकबंधूंनो, या कथा वर्गात सांगाल तेव्हा मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. गौतम आपले पातक फेडायला तपाला बसले. इझानागी आपला मळ धुवायला पाण्यात उतरला. दोघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवून 'तू लांब हो' असे म्हटले नाही. ते म्हणणारे पुढे आले. ती माणसांची करणी, पाण्याची नव्हे.