माध्यमिक शाळेचे कार्यालय

माध्यमिक शाळेचे कार्यालय : पाचवी किंवा आठवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग चालविणाऱ्या शाळेचा कारभार जेथून पाहिला जातो ते दफ्तर, आणि त्या दफ्तराशी बांधलेला मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंतचा सेवकवर्ग. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळांचा विचार केला आहे. कारण या राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अशाच शाळांनी वाहिला असून, नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा आणि परीक्षा मंडळाची, अशी तीन धन्यांची चाकरी एकाच खोलीतून करावी लागत असल्यामुळे तेथील कारभारास एक निराळीच गुंतागुंत प्राप्त झाली आहे.

या गुंतागुंतीचे मूळ जुने आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले व पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखाते अस्तित्वात आले. अनुदानामागोमाग हिशेब आला, हिशेबामागोमाग तपासनीस, आणि तपासनिसापुढे ठेवावयाच्या वह्या लिहिण्यासाठी कारकून. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये प्रथम झाली. तिची जागा १९४९ पासून शालान्त परीक्षेने घेतली. १९६६ मध्ये राज्य मंडळ कामास लागले आणि १९७५ पासून अकरावीऐवजी दहावी ही शालान्त इयत्ता ठरली. दर फेरबदलात वर्गातील अध्यापन थोडे बदलले असेल. कार्यालयातील वह्या मात्र निश्चितपणे वाढल्या.

सेवकांच्या नेमणुका, बढत्या, रजा, निलंबन व बडतर्फी यांचे नियमन १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीचा अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी होते, आणि दैनंदिन शिरस्त्यासाठी माध्यमिक शाळा संहिता प्रमाण मानली जाते. मुख्याध्यापकाच्या हाताखाली पटसंख्येप्रमाणे उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक असतात. शिक्षकेतर सेवकांत लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, प्रयोगशाळा परिचर व शिपाई मोडतात. कागदावर ही उतरंड नीटस दिसते. लहान गावातील शाळेत मात्र एकच लिपिक रोखपाल, टपाल कारकून, संगणकचालक आणि पालकांचा सल्लागार अशी सर्व पदे सांभाळीत असतो, व मुख्याध्यापक रजेवर असला तरी शाळा चालते, पण लिपिक रजेवर असला की ती अडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो असे विद्यार्थ्यांस वाटते. कार्यालयाचा दिवस मस्टरने सुरू होतो. हजेरीपटावर सह्या झाल्या की पर्यवेक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गैरहजर शिक्षकांच्या तासांचा. कोण किरकोळ रजेवर, कोण प्रशिक्षणास, कोण निवडणुकीच्या कामी, हे पाहून मोकळ्या तासिका असलेल्या शिक्षकांत ते तास वाटून द्यावे लागतात, आणि ही वाटणी दररोज नव्याने, अवघ्या काही मिनिटांत व शक्यतो कोणाचाही रोष न ओढवता करावयाची असल्याने पर्यवेक्षकाच्या अंगी गणित व मुत्सद्देगिरी हे दोन्ही गुण असावे लागतात. बदली तासाची चिठ्ठी घेऊन शिपाई शिक्षककक्षात शिरला म्हणजे तेथील संभाषण जे एकाएकी थांबते त्याचे कारण हेच. यानंतर वर्गोवर्गी कॅटलॉग भरून येतात, हजर संख्या फळ्यावर लागते, आणि जेथे पाचवी ते आठवीचे वर्ग असतील तेथे त्याच आकड्यावरून पोषण आहाराचा तांदूळ मोजून दिला जातो. शिजलेल्या अन्नाची चव आधी कोणी घेतली याचीही स्वतंत्र नोंदवही असते.

दुपारपर्यंत टपाल येते. आवक-जावक बारनिशीत क्रमांक पडल्यावाचून एकही कागद मुख्याध्यापकाच्या मेजावर जाऊ नये, हा जुना नियम. आता बहुतेक आदेश भ्रमणध्वनीवरील गटात येतात, 'आज चारपर्यंत माहिती सादर करावी' या मजकुराने येतात, आणि तोच तक्ता मागील महिन्यात पाठविलेला असला तरी पुन्हा मागविला जातो. मुख्याध्यापकाने आठवड्यास काही तास स्वतः शिकवावे आणि सहकाऱ्यांच्या पाठांचे निरीक्षण करून लॉगबुकात शेरे लिहावेत अशी अपेक्षा असते, व शाळेच्या गुणवत्तेशी त्याच्या कर्तव्यांपैकी याच दोहोंचा संबंध सर्वांत निकटचा आहे. परंतु माहिती पुरविण्याच्या तगाद्यात प्रथम बळी पडतात ती हीच दोन कामे, आणि ती न झाल्याबद्दल वरिष्ठ कार्यालयाकडून स्मरणपत्र आल्याचे सहसा ऐकिवात नाही.

द्रव्यव्यवहाराचे दोन प्रवाह आहेत. शुल्क, वेतनेतर अनुदान, किरकोळ खर्च यांचा जमाखर्च रोजकीर्द व खतावणीत लिहिला जाऊन वर्षअखेरीस लेखापरीक्षकापुढे जातो. बाके, फळे, कपाटे यांची गणती जडवस्तू नोंदवहीत होते, आणि मोडके बाकही रीतसर निर्लेखनाच्या ठरावाशिवाय शाळेबाहेर जाऊ शकत नाही. दुसरा प्रवाह वेतनाचा. पूर्वी पगारपत्रकावर महसुली तिकीट चिकटवून सही करावी व रक्कम मोजून घ्यावी असा प्रघात होता. आता 'शालार्थ' प्रणालीतून देयक वेतन पथकाकडे जाते व पगार थेट बँकेत जमा होतो. तथापि वेतनवाढ, रजा, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव या सर्वांसाठी हाताने लिहिलेले सेवापुस्तकच अखेर पाहिले जाते, व त्यात एखादी नोंद राहून गेली तर ती वीस-पंचवीस वर्षांनी, नेमकी निवृत्तीच्या वेळी, उघडकीस येते.

वेतनाइतकीच धास्ती संचमान्यतेची. शाळेस किती शिक्षक मिळावेत हे पटसंख्येवरून ठरते आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जाण्याचा प्रघात आहे. पट घसरला तर शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो व त्याचे समायोजन अन्यत्र होते. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक वाड्यावस्त्यांवर विद्यार्थी मिळविण्यासाठी हिंडताना दिसतात. शिक्षकाची नोकरी टिकविण्याचे काम त्याच्या शिकविण्याऐवजी कारकुनाच्या तक्त्याकडे जावे, हे या पद्धतीचे मोठे वैगुण्य म्हटले पाहिजे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यालयाचा रंग पालटतो. दहावीची आवेदनपत्रे, अंतर्गत गुण, प्रवेशपत्रे ही कामे आधीच उरकलेली असतात. आता परिरक्षक केंद्रातून मोहोरबंद पाकिटे आणणे, बैठकव्यवस्था लावणे, उत्तरपत्रिका मोजून परत पोहोचविणे ही जोखमीची कामे सुरू होतात. बाकावर खडूने बैठकक्रमांक लिहीत जाणारा शिपाई हा या व्यवस्थेतील शेवटचा व अत्यावश्यक दुवा होय. घंटा, पाणी, कुलपे, बँकेचा भरणा, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या ही कामेही त्याचीच. २०२० च्या शासननिर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी पदे भविष्यात रिक्त होतील तशी न भरता त्यांऐवजी शाळेस ठोक भत्ता देण्याचे धोरण स्वीकारले. भत्त्यात इसम मिळतो, पण कोणत्या कपाटात कोणत्या सालची वही आहे हे ठाऊक असणारा सेवक त्यातून घडत नाही.

वहीचा हा मुद्दा गौण नव्हे. शाळेच्या सर्व कागदपत्रांत जिचे मोल काळाबरोबर वाढत जाते अशी नोंदवही एकच, ती म्हणजे जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मस्थान, धर्म व जात, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा व सोडल्याचा दिनांक हे तीत लिहिले जाते, ती कायम जतन करावयाची असते, आणि शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे तिच्यातील एका ओळीची प्रत होय. शाळा सोडल्यानंतर ही ओळ बदलण्यास सहसा वाव नसतो. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी पालकास तारीख सांगता न आल्यामुळे १ जून लिहिली, ती दाखल्यावरून हायस्कुलाच्या रजिस्टरात उतरली, तेथून शालान्त प्रमाणपत्रावर व नंतर सेवापुस्तकात गेली. परिणामी महाराष्ट्रात एका पिढीचे असंख्य लोक कागदोपत्री १ जून रोजी जन्मले आणि ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून घाऊक प्रमाणात निवृत्त होत राहिले. त्यांचे निवृत्तिवेतनाचे कागद तयार करणाऱ्या लिपिकांतही अशा जन्मतारखेचे पुष्कळ असत.

जातीच्या रकान्याचा प्रभाव याहून दूरगामी ठरला. जातप्रमाणपत्रासाठी व त्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा विचारला जातो, आणि तो पुष्कळदा आजोबांच्या वा पणजोबांच्या शाळेतच सापडतो. त्यामुळे जून-जुलैत, प्रवेशाची गर्दी असतानाच, परगावाहून आलेले नातू जनरल रजिस्टरातील नोंदीच्या, म्हणजे निर्गम उताऱ्यासाठी खिडकीशी उभे असतात, व लिपिकास नव्या पोरांची नावे लिहिता लिहिता साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पाने उलटावी लागतात. आडनावाशिवायची नावे, फिकट पडलेली शाई, वाळवीने खाल्लेला कडेचा रकाना यांतून वाट काढीत तो जे वाचील त्यावर अर्जदाराची नोकरी किंवा वैद्यकीय प्रवेश अवलंबून असतो. उतारा मात्र जशाचा तसा द्यावयाचा, स्वतःचा तर्क त्यात घालावयाचा नाही, हे जाणत्या लिपिकाचे व्रत. मराठवाड्यातील व अन्य भागांतील जुन्या नोंदी मोडीत, तर काही ठिकाणी उर्दूतही आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा महसुली कागदपत्रांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही तपासण्यात आली, आणि ती वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांना ठिकठिकाणी शोधून आणावे लागले.