जर्नलातली लहर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली. पल्स कोड मॉड्युलेशनचे ट्रेनर किट काचेच्या कपाटात कुलुपबंद असे. मागच्या वर्षीच्या जर्नलातून आम्ही लहरींच्या आकृत्या उतरवल्या आणि सह्या मिळवल्या. प्रयोग ‘झाला’, लहर मात्र पाहिली नाही. पुढे हा विषय पुस्तकांतून स्वतःच शिकताना जाणवले, की त्याचा इतिहास नेमका उलटा आहे.

मिशिगनमधल्या गेलॉर्ड गावी लहानग्या क्लॉड शॅननने काटेरी कुंपणाच्या तारेवरून अर्ध्या मैलावरच्या मित्राशी तारयंत्र जोडले होते. गोंगाटातूनही, ठरावीक वेगमर्यादेत, संदेश जवळजवळ बिनचूक पाठवता येतो हे त्याने 1948 मध्ये सिद्ध केले. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंगला रिले गणकयंत्र शनिवार-रविवारीच मिळे. चूक सापडली की यंत्र त्याचे काम सोडून पुढचे घेई. सोमवारी हाती काहीच नसे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर कुठे झाली हे का कळू नये? या वैतागातून त्याची 1950 ची संकेतपद्धती आली: 4 बिटांना 3 तपासणी-बिटे जोडायची, म्हणजे एक चूक आपोआप दुरुस्त होते.

आपल्याकडे 2009 मध्ये अण्णा विद्यापीठाचा 40 किलोचा ‘अनुसॅट’ अवकाशात गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी 2008 मध्ये हाती घेतलेला, जेमतेम 1 किलोचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 मधून निघाला. एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम. सुमारे 500 किलोमीटर उंचीवरून जाणारा असा उपग्रह एका फेरीत फार तर दहा-बारा मिनिटे टप्प्यात असतो. त्याच्या वेगामुळे 437 मेगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत दोन्ही बाजूंना 10 किलोहर्ट्झपर्यंत सरकतो. डॉप्लरचे सूत्र पाठ असून भागत नाही. रेडिओ त्याच्यामागे फिरवावा लागतो.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पदवी चार वर्षांची आणि काम आठ वर्षांचे, म्हणजे सुरुवात करणारे उड्डाणाआधीच बाहेर पडलेले. अशा कामात मागच्या तुकडीची वही सहीसाठी नसते; तिच्यावर पुढच्यांचे काम उभे राहते. तीत उतरवलेली खोटी आकृती कुणाला तरी महागात पडते.

टीव्ही पाहण्यासाठी बनलेला स्वस्त डोंगल 2012 पासून सर्वसाधारण रेडिओ म्हणून वापरता येऊ लागला. गेल्या वर्षी मी तो घेतला आणि गच्चीवर तारेचा अँटेना लावून 1090 मेगाहर्ट्झवर विमानांचे संदेश पकडले. 112 बिटांचा संदेश, त्यातली शेवटची 24 बिटे चूक तपासण्यासाठी. पडद्यावर स्पंदने उमटली. खडबडीत, गोंगाटात अर्धी बुडालेली. जर्नलातल्या आकृतीशी त्यांचा काही मेळ नव्हता.